दाजींच्या गाडीला शववाहिनीच्या स्प्रिंगा

माझे दाजी टाउनो केम्पाइनेन हे कुपारीच्या रस्त्याचे पोस्टमन. पायी फिरणारे नव्हेत. मिशिगनच्या या वरच्या टोकाला पायी फिरणारा पोस्टमन नोव्हेंबरात दुसऱ्या वळणावर बर्फात गडप होईल आणि मे महिन्यात सापडेल. इथे ज्याने त्याने आपापल्या गाडीतून टपाल वाटायचं. आता घरोघरच्या टपालाच्या पेट्या सगळ्या रस्त्याच्या उजव्या कडेला आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणून दाजी त्या बाकासारख्या लांब सीटवर थेट उजव्या खिडकीशी बसत, डावी तंगडी पसरून ब्रेक दाबत, डाव्या हाताने स्टिअरिंग कसंबसं धरत आणि उजव्या हाताने पेटीत टपाल टाकत. समोरून येणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागी कुणीच दिसत नसे. एका पर्यटकाने त्या धसक्याने आपली गाडी बर्फाच्या ढिगात घातली. ती ओढून काढायला मलाच जावं लागलं.

मी ओनी, लेम्पीताईचा धाकटा भाऊ. माझं गॅरेज आहे. गावात कुणाची गाडी अडकली, घसरली, गोठली की माझ्याकडे येते आणि वर बोलणीही मीच खातो, जणू बर्फ मीच पाडतो. लग्नात मुलीच्या भावाने नवऱ्याची गाडी जन्मभर फुकट दुरुस्त करावी असं कुठे लिहिलेलं नाही, पण लेम्पीताई ते धरूनच चालली आहे.

दाजी कमी बोलायचे. आमच्याकडे सगळेच कमी बोलतात. आजे-पणजे फिनलंडहून खाणीत कामाला आले तेव्हा सगळं सामान घेऊन आले, गप्पा मात्र तिकडेच ठेवून आले असावेत. दाजी त्यातही काटकसरी. पण रस्त्यावरच्या एकेका घराची खबर त्यांना होती. साइमामावशीच्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर ते हॉर्न वाजवत थांबायचे, पडदा हलेपर्यंत. आर्ने आणि काल्ले हे दोघे भाऊ एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नसत, त्यांचं टपाल ते कधी चुकूनही एकत्र देत नसत. दाजींना माणसं बोलायला नको होती, पण रोज बघायला लागायची. रविवारी टपाल नसायचं, तर हा धिप्पाड माणूस दिवसभर घरात हरवल्यासारखा फिरायचा आणि ताईच्या पायांत यायचा.

मग त्यांचा गुडघा गेला. छपरावरचं बर्फ ओढून काढताना दाजी छपरासकट नाही, पण बर्फासकट खाली आले. डॉक्टर म्हणाले, गाडीत दिवसातून एकदा चढा आणि एकदा उतरा, त्याहून जास्त चढउतार केलीत तर गुडघा माझ्याकडे ठेवून जावं लागेल.

लेम्पीताईने ही संधी सोडली नाही. तिची चुलत बहीण फ्लोरिडात राहते, दारातलं संत्रं तोडून खाते आणि तसे फोटो पाठवते. ते फोटो ताईने फ्रिजवर लावले होते.

"बस झाली नोकरी," ती म्हणाली. "पेन्शन घे आणि चल. मला एकदा तरी जानेवारीत स्वतःचे पाय बघायचेत."

दाजींनी कॉफी ढवळली. मग म्हणाले, "ज्या दिवशी पेटीसाठी गाडीतून उतरावं लागेल, त्या दिवशी सोडीन."

"शब्द?"

"शब्द."

दाजींचा शब्द म्हणजे झालंच. एकदा नवस केल्यासारखं त्यांनी सिगारेट सोडली तेव्हा खिशातलं अर्धं पाकीटही तसंच ठेवलं होतं, बाहेर काढण्यापुरताही हात लावला नाही. त्यामुळे आता प्रश्न एवढाच उरला की हिवाळाभर गाडीतून न उतरता टपाल वाटता येतं की नाही. येत असेल तर कुपारी, नसेल तर संत्री.

आणि त्यांची गाडी तर केविलवाणी झालेली. वर्षानुवर्षं दाजी उजवीकडे बसून बसून उजव्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगा पार दबल्या होत्या. मागून बघितलं तर गाडी कुणाच्या तरी कानात काही सांगतेय असं वाटायचं. तिचं पोट बर्फ खरवडत जायचं आणि साइमामावशीच्या चढावर हमखास बसायचं. अडकलं की उतरून फावडं मारणं आलं.

ऑक्टोबरात दाजी गॅरेजमध्ये आले आणि बाजूच्या टायरवर बसून राहिले. कॉफी संपल्यावर म्हणाले, "स्प्रिंगा."

"बघा दाजी," मी म्हणालो, "बर्फात गाडी अडकते ती पोटामुळे आणि घसरते ती चाकामुळे. नरम स्प्रिंग घेतली तर चाक रस्त्याला चिकटून राहतं, पण गाडी बसते आणि पोट टेकतं. कडक घेतली तर पोट वर राहतं, पण गोठलेल्या खड्ड्यांवरून चाक टणाटण उडतं. उडालेलं चाक काय पकडणार? तेव्हा पाहिजे उंच पण नरम."

"मिळते?"

"मिळते. पण तुमच्या वजनाला नाही मिळत."

दाजींनी मान हलवली. माझ्याकडे असतील नसतील त्या सगळ्या स्प्रिंगा त्यांनी जोडी-जोडीने जमिनीवर उभ्या करायला लावल्या, वर फळी टाकली, हातात काठोकाठ भरलेला कप घेतला आणि परीक्षेला बसले. पहिल्या जोडीवर बसताच फळी दोन बोटं खाली गेली आणि कॉफी मांडीवर आली. दुसऱ्या जोडीने त्यांना बाजूला फेकलं. तिसरीवर ते हलले नाहीत, पण कॉफी थरथरत राहिली. तेवढ्यात लेम्पीताई खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्या घेऊन आली. एकेक पेस्टी माझ्या चपलेएवढी.

"स्प्रिंगा बदलण्यापेक्षा बसणारा बदल," ती मला म्हणाली आणि दाजींच्या हातात दोन पेस्ट्या ठेवल्या. मग मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजली, "ओनी, नरमातली नरम लाव. फ्लोरिडाला आलास की तुलाही संत्री."

"ताई, मी कारागीर आहे."

"तू माझा भाऊ आहेस. कारागीर नंतर झालास."

मी काय करणार? इकडे आड तिकडे विहीर. मी पेस्टी खाल्ली.

अंगणात एक शेवटची जोडी पडली होती. शेजारच्या गावच्या अंत्यविधीवाल्याने आपली जुनी शववाहिनी मोडीत काढली, तिच्या मागच्या स्प्रिंगा. दाजी त्यांच्यावर बसले. फळी हलली नाही. कॉफी अशी निवांत की तिच्यात त्यांना आपला चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी मिशी साफ केली.

"ह्या," दाजी म्हणाले.

"दाजी, ह्या मढ्याच्या गाडीच्या आहेत."

"त्यांनी तक्रार केली?"

"कुणी?"

"आत असायचे त्यांनी."

तेवढ्या जड गाडीच्या स्प्रिंगा हलक्या गाडीला लावू नयेत, हे मी तीनदा सांगितलं. पुढेही त्याच मापाच्या शोधून लावाव्या लागतील, हेही सांगितलं. दाजींनी रिकामा कप माझ्या हातात दिला. म्हणजे ठरलं. मी शिव्या देत देत लावल्या, मागच्या डिकीत वाळूच्या गोण्या भरल्या, म्हणजे चाकं जरा तरी जमिनीला टेकतील. गाडी जॅकवरून उतरवली तर ती उतरलीच नाही, मांजर पाठ वर काढतं तशी उभी राहिली. दाजींना आत चढायला दुधाचा क्रेट लागला. क्रेटला त्यांनी दोरी बांधली आणि चढल्यावर तो आत ओढून घेतला.

पहिलं मोठं बर्फ पडलं आणि गाडी साइमामावशीच्या चढावरून बोटीसारखी गेली. पोटाला बर्फ लागलं नाही. माझ्यातल्या कारागिराला गुदगुल्या झाल्या आणि भावाला धडकी भरली, कारण ताई खिडकीतून बघत होती.

पण गाडी वर गेली तशी खिडकीही वर गेली, आणि पेट्या राहिल्या खाली. आमच्याकडे पेटी लांब आडव्या दांडीला साखळीने टांगतात, म्हणजे बर्फ फेकणारं यंत्र गेलं तरी ती झोका घेते, मोडत नाही. आता दाजी प्रत्येक पेटीशी कमरेपर्यंत खिडकीबाहेर लोंबू लागले. एकीकडे ते झोके घेणार, एकीकडे पेटी झोके घेणार, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत मागे गाड्यांची रांग.

हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही. "टाउनो, तुला वाकायला त्रास होतो का?" असं विचारणं म्हणजे आमच्याकडे भर रस्त्यात माणसाची विजार ओढण्यासारखं आहे. मग साइमामावशीने एका संध्याकाळी गुपचूप आपल्या पेटीची साखळी आखूड केली. वर चार बोटं जास्तच केली, म्हणजे त्याला मुळीच वाकायला नको. ते बघून पलीकडच्यांनी केली. आर्नेने आपली केली, तेव्हा काल्लेने त्याच्याहून वर केली, तेव्हा आर्नेने आपल्या खांबाखाली ठोकळा घातला. मीही माझी केली. खोटं कशाला सांगू?

आठवडाभरात दाजी गॅरेजमध्ये हजर.

"स्प्रिंगा बसल्या," ते म्हणाले.

मी टेप लावून मोजलं. स्प्रिंगा तसूभर हलल्या नव्हत्या. "नाही बसल्या, दाजी."

"बसल्या. पेट्या वर दिसतात."

"पेट्याच वर गेल्या असतील."

दाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "एक गेली तर समजू शकतो. सगळ्या कशा जातील? पेटी काय पोरगं आहे वाढायला?"

खरं तिथेच सांगून टाकायचं. पण सांगू काय? दाजी, सगळा गाव तुमचा गुडघा सांभाळतोय? ते ऐकून हा माणूस क्रेटवरून उतरला असता तो पुन्हा चढला नसता. तेव्हा मी स्प्रिंगांच्या बुडाशी रबराच्या जाड चकत्या घातल्या आणि गाडी दोन बोटं वर केली. दाजी खूश झाले. "जिवंत माणसाची सवय नाही त्यांना," ते स्प्रिंगांबद्दल म्हणाले.

मग आणखी बर्फ पडलं. कडेचं बर्फ दाबून दाबून घट्ट झालं, रस्ताच वीतभर वर आला, त्यावर गाडी वर आली, आणि दाजी पुन्हा खिडकीतून लोंबू लागले. लोकांनी पुन्हा साखळ्या आखडल्या, पुन्हा चार बोटं सढळ हाताने. दाजी पुन्हा माझ्याकडे. "बसल्या." मी पुन्हा चकत्या. जानेवारी सरेपर्यंत गाडी इतकी उंच झाली की तिच्या एरियलवरचं नारिंगी फडकं, जे बर्फाच्या भिंतीपलीकडून दिसावं म्हणून आम्ही सगळेच लावतो, ते टेलिफोनच्या तारांशी ओळख करून घेऊ लागलं. साइमामावशीला आपलंच टपाल काढायला स्टूल घेऊन जावं लागे. लेम्पीताईने चर्चला त्या गाडीतून जाणंच सोडलं. "स्वर्गात जायला शिडी लागते ती मरताना," ती म्हणाली, "दर रविवारी नाही."

शनिवारी सॉनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, सगळे पुरुष एका फळीवर उघडेबंब बसायचे. एकजात सगळ्यांनी पेट्या वर केलेल्या, मधोमध दाजी, आणि गरम दगडांवर पाण्याचा चर्रकन आवाज. एका शब्दात उलगडा झाला असता.

"गरम आहे," आर्ने म्हणाला.

"हं," दाजी म्हणाले. त्या शनिवारची चर्चा एवढीच.

एप्रिलमध्ये घात झाला. दोन दिवस धो धो पाऊस पडला आणि कडेचं ते दगडासारखं बर्फ वाहून गेलं. काळा रस्ता उघडा पडला. गाडी वीत-दीडवीत खाली आली आणि पेट्या राहिल्या टांगलेल्या, आकाशात. त्या दिवशी खिडकीतून हात काढून एकाही पेटीचं झाकण कुणाला उघडता आलं नसतं.

सकाळीच ताईचा फोन आला. "ओढायचा ट्रक काढ आणि त्याच्या मागे जा."

"गाडी कुठे अडकलीय?"

"गाडी नाही. तो साइमाच्या दारात उतरेल. उतरला की त्याला परत चढता येणार नाही. घरी घेऊन ये." मग थोडं थांबून म्हणाली, "हळू आण. रागावला असेल."

तिचा आवाज जिंकलेल्या बाईचा असायला हवा होता. तसा तो नव्हता, आणि मलाही बरं वाटत नव्हतं. मी ट्रक काढला. दाजींच्या लक्षात येणार नाही पण बोलणं ऐकू येईल एवढं अंतर ठेवून, काच खाली करून मी चाललो.

साइमामावशीच्या पेटीशी गाडी थांबली. दाजींनी वर बघितलं. मग हात दाराच्या कडीकडे गेला, आणि तेवढ्यात बर्फाच्या उरल्यासुरल्या ढिगामागून साइमामावशी निघाली. एका हातात स्टूल, दुसरा हात पुढे.

"आण," ती म्हणाली.

दाजींनी टपाल तिच्या हातात दिलं. "मावशी, तुमची पेटी वर गेलीय."

"हो."

"कुणी केली?"

"झाली," ती म्हणाली आणि स्टूल घेऊन घराकडे वळली.

दाजी तिथेच बसून राहिले. त्यांनी रस्त्यावरच्या पुढच्या पेटीकडे बघितलं, मग त्यापुढच्या. सगळ्या वर. मला मागून त्यांची टोपी तेवढी दिसत होती, पण टोपीवरूनसुद्धा माणसाला कळलेलं कळतं. आणि साइमामावशीच्या स्वयंपाकघरात तिने फोन उचललेला मला खिडकीतून दिसला. तिचं बोलणं तीन शब्दांपलीकडे गेलं नसणार, "बाहेर उभे राहा."

कारण त्यापुढे दारोदारी माणूस उभा होता. कुणी नाइट गाउनमध्ये, कुणी तोंडात ब्रश, सगळे चिखलात, सगळ्यांचे हात पुढे. आर्ने आणि काल्ले आपापल्या खांबाशी, एकमेकांकडे पाठ करून उभे. दाजींचं लक्ष अजून वरच्या पेट्यांकडेच असावं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आर्नेचं पत्र काल्लेला दिलं. काल्लेने वरचं नाव वाचलं, वळला आणि म्हणाला, "हे तुझं."

"हं," आर्ने म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्या घरात झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण.

दाजी एकाही पेटीसाठी उतरले नाहीत. नाक मात्र लाल होत गेलं, आणि थंडी काही तेवढी नव्हती. मी मागे ट्रकमध्ये बसून डोळे पुसत होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो. ट्रकमध्ये बसून रडणारा गॅरेजवाला कुणाला हवाय?

शेवटची पेटी त्यांच्याच घराची. ती तरी खाली असणार, मला खात्री होती. ताईला तर दाजी उतरायलाच हवे होते, तिने पेटीला हात लावायचं कारण नव्हतं. गाडी थांबली आणि मी बघितलं तर ती पेटी सगळ्या रस्त्यात उंच. साखळी तर आखडली होतीच, वर दांडीला गुंडाळून लोकरीने करकचून बांधली होती. निळी लोकर. त्याच लोकरीचे, ताईने विणलेले मोजे माझ्या पायात होते.

दारात कुणी नव्हतं. घर शांत. दाजींनी पेटीकडे बघितलं, घराकडे बघितलं. शब्द तो शब्द, आपल्या घरची पेटी झाली म्हणून काय झालं. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि दुखरा पाय हळूहळू बाहेर काढला.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. लेम्पीताई दाजींचेच मोठे बूट घालून, एप्रनवर, कोटाशिवाय, चिखल तुडवत आली. पायऱ्यांवर एकदा घसरली, सावरली आणि गाडीशी येऊन तिने हात पुढे केला.

"पाय आत घे," ती म्हणाली.

"मी उतरतच होतो."

"दिसलं मला. पाय आत घे म्हटलं ना."

दाजींनी पाय आत घेतला. विजेचं बिल होतं, ते त्यांनी तिला दिलं. तिने ते न बघताच एप्रनच्या खिशात टाकलं. दोघांपैकी कुणी पेटीकडे बघितलं नाही. मग ती माझ्या ट्रककडे वळली.

"ओनी, काय बघत बसलायस? उद्या ही गाडी खाली घे. मला रविवारी चर्चला जायचंय."